तण कोणाला म्हणावे?

माझे आजोळ गोव्यातले आणि घर बेळगावकडचे. त्यामुळे लहानपणी एक गोंधळ माझ्या वाट्याला वरचेवर येत असे. सुट्टीत आजोळी गेलो की आजी मला गाईसाठी तण आणायला पाठवी आणि भारा घेऊन परतलो की कौतुकाने पाठीवरून हात फिरवी. घरी आलो की त्याच 'तण' शब्दाने वडिलांच्या कपाळाला आठी पडे. कोंकणीत तण म्हणजे गवत; मराठीत तण म्हणजे पिकात शिरलेले, उपटून टाकण्याजोगे गवत. शब्द एकच, त्याचे मूळही एकच, संस्कृतातले 'तृण'. दोन बहिणींपैकी एकीने त्याला गोठ्यात नेऊन गाईपुढे घातले, दुसरीने त्याला बांधाबाहेर फेकून दिले. हा भेद गवतात नसून पाहणाऱ्याच्या नजरेत आहे, एवढे तर्काने तेव्हाही समजण्यासारखे होते. परंतु त्या भेदाची किंमत कोण देतो, हा प्रश्न मला पडला तो उतारवयात, आणि तोही अमेरिकेतल्या एका अंगणात.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टच्या अखेरीस मी ओहायो राज्यात माझ्या भाच्याकडे तीन महिन्यांसाठी राहायला गेलो होतो. त्याने नवे घर घेतले होते. बांधकामाच्या वेळी वरची सुपीक माती निघून गेली होती आणि घराभोवती पिवळट चिकणमाती उघडी पडली होती. तिकडे घरासमोरची हिरवळ ही नुसती हौस नसते; तो शेजारधर्माचा भाग मानला जातो. वसाहतीच्या मंडळाचे पत्र येऊन पडले होते की, अंगण अमुक मुदतीत हिरवे व तणविरहित दिसले पाहिजे. त्याशिवाय भाच्याचे स्वतःचे एक कारण होते, आणि ते मला पत्रापेक्षा मोठे वाटले. त्याचा मुलगा नुकता रांगू लागला होता. त्याचे पहिले पाऊल चिखलात न पडता गवतावर पडावे, अशी त्याची इच्छा होती.

आपल्याकडे हिरवळ करायची तर बहुधा हरळीच्या काड्या खोचून करतात. ओहायोसारख्या थंड मुलखातली गवते मात्र बियांपासून वाढवितात. त्यांतले रायग्रास आठवड्याभरात उगवून येते, टॉल फेस्क्यूला थोडे अधिक दिवस लागतात, आणि केंटकी ब्लूग्रास तर दोन ते चार आठवडे घेते. (या ब्लूग्रासच्या नावात केंटकी असले तरी ते मूळचे युरोपातले, माणसांबरोबर समुद्र ओलांडून आले आणि तिथलेच झाले.) एवढे दिवस माती भुसभुशीत ठेवायची, खत द्यायचे, दिवसातून दोन-तीनदा हलके पाणी शिंपडायचे. हे सारे आपण आपल्या पेरलेल्या बियांसाठी करतो. परंतु मातीत आधीपासून झोपलेल्या शेकडो बियांनाही ते आमंत्रणच असते. पंगत एकासाठी मांडावी आणि सारे गाव पानावर येऊन बसावे, तसे नव्या हिरवळीचे होते.

दोन आठवड्यांनी भाच्याच्या अंगणात केसासारखे बारीक हिरवे कोंब दिसू लागले, आणि त्यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्या आधी, इतरही मंडळी आली. मी वाकून पाहिले तो काय, लालसर देठाची, मांसल पानांची घोळ जमिनीलगत पसरलेली. तिच्यापलीकडे पिठूळ पानांचा चाकवत डोके वर काढीत असलेला. परमुलखात जुने स्नेही भेटावेत तसा मला आनंद झाला.

"अरे, ही घोळ आहे! तुझी आजी हिची किती सुरेख भाजी करीत असे," मी म्हणालो.

भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, आजीच्या पानात ती भाजी होती. माझ्या अंगणात ती तण आहे."

त्याचे हे उत्तर मला त्या वेळी रुचले नाही. पण विचार केला तेव्हा कळले की, तणाची याहून चोख व्याख्या कोणत्याही ग्रंथात सापडायची नाही. तण ही वनस्पतीची जात नव्हे. तिच्या पानात, फुलात, मुळात तणपणा कुठेही सापडत नाही. आपण एका जागेविषयी मनात काही योजिलेले असते आणि त्या योजनेत जिला स्थान नाही ती वनस्पती तण ठरते. आपल्या हरळीचेच पाहा. गणेशचतुर्थीला तीच दूर्वा होऊन एकवीसएकवीसच्या जुड्यांनी देवाच्या मस्तकावर चढते. चतुर्थी सरली आणि शेतकरी रानात गेला की तीच हरळी त्याची वैरीण होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हिलाच बर्म्युडा ग्रास म्हणतात व तिची मैदाने मोठ्या निगुतीने राखतात. उत्तरेकडे ब्लूग्रासच्या हिरवळीत ती शिरली की तीच माळी लोकांची डोकेदुखी होते. एकच गवत देवाला प्रिय, खेळाडूला प्रिय आणि शेतकऱ्याला अप्रिय. गवताने स्वतः काही बदल केलेला नाही.

येथवर कोणाचा मतभेद होऊ नये. प्रश्न यापुढे सुरू होतो. तणपण जर आपल्या इच्छेतून जन्मते, तर त्या तणाचा जीव घेण्याची सारी जबाबदारीही आपल्या इच्छेवरच येऊन पडते. साप चावतो म्हणून मारला असे आपण म्हणू शकतो. घोळीने काय केले होते? तिचा अपराध एवढाच की ती आमच्या आधी उगवली. अर्थात, निवड केल्यावाचून माणसाला जगता येत नाही. ज्या दिवशी त्याने पहिली मूठ धान्य पेरले, त्याच दिवशी इतर सर्व गवतांना त्याने परके ठरविले. 'तण खाई धन' ही म्हण ज्यांनी रचली त्यांनी उपाशी राहून ती रचली असेल. तेव्हा निवड करू नये, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, निवड करणाऱ्याने ती आपण केली हे विसरू नये. आणि विषाची बाटली हाती आली की विसरणे फार सोपे होते.

याचे एक उदाहरण हिरवळीच्या इतिहासातच आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेत हिरवळीसाठी जे बियाणे विकत असत, त्यात पांढऱ्या क्लोव्हरचे बी मुद्दाम मिसळलेले असे. तीन पानांची ही ठेंगणी वनस्पती हवेतला नत्र आपल्या मुळांच्या गाठींत साठविते व आजूबाजूच्या गवताला पोसते; तिला हिरवळीची सोबतीण समजत असत. युद्धाच्या काळात इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत २,४-डी या द्रव्याचा शोध लागला आणि युद्ध संपताच ते बाजारात आले. रुंद पानांच्या वनस्पती त्याने मरत, गवत तेवढे तगे. डँडेलियनसाठी फवारलेल्या या औषधाने क्लोव्हरही मरू लागला. हत्यार आपल्या सोबतिणीचाही घात करते, तेव्हा ते जपून वापरावे, असे लोकांनी म्हणायला हवे होते. घडले उलटेच. बियाण्यात क्लोव्हर मिसळणे मागे पडले आणि पुढच्या पिढीने क्लोव्हरलाच तण ठरविले. शत्रू कोण हे आधी ठरावे व मग हत्यार शोधावे, असा आपला समज असतो. येथे हत्याराने शत्रू ठरविला. माणसांच्या व्यवहारातही असे घडलेले मी पाहिले आहे. वाचकांनीही पाहिले असेल.

भाच्याने आणलेल्या बाटलीतही हेच द्रव्य होते. त्याची करणी विलक्षण आहे. ते वनस्पतीला उपाशी मारीत नाही, जाळीतही नाही. रोपट्याच्या अंगात वाढीची आज्ञा देणारे जे नैसर्गिक द्रव्य असते, त्याचे सोंग घेऊन ते आत शिरते आणि भलतीच, बेताल वाढ करविते. देठ पिळवटतात, पाने वळतात, आणि रोपटे आपल्याच वाढीने मरते. गवताची अंगबांधणी निराळी असल्यामुळे ते यातून सुटते. म्हणून अशा औषधाला 'निवडक' म्हणतात. या शब्दाने मी काही काळ फसलो होतो. मला वाटे, विषाला बहुधा काही विवेक शिकविला असावा. तसे काही नाही. विषाला डोळे नसतात. त्याची निवड म्हणजे रोपट्याची बांधणी, मात्रेचे प्रमाण आणि रोपट्याचे वय यांचा एक नाजूक तोल असतो. यांपैकी एक जरी ढळले तरी निवड संपते व नुसते विष उरते.

वयाची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. बाटलीला चिकटविलेल्या कागदावर स्पष्ट लिहिले होते की, नव्याने पेरलेल्या गवताची काही वेळा कापणी झाल्याशिवाय हे औषध फवारू नये. अशा औषधांवर सामान्यतः दोन-तीन कापण्यांची तरी अट असते. मोठ्या गवताला जे सोसते ते कोवळ्या कोंबाला सोसत नाही. पेरणीच्या आधीची औषधे घ्या. पेंडीमेथॅलिनसारखी द्रव्ये मातीच्या वरच्या थरात एक अदृश्य पडदा पसरतात आणि उगवू पाहणाऱ्या बियांच्या मुळांची वाढ तेथेच खुंटवितात. क्रॅबग्राससारखे वार्षिक गवत त्यांनी अडते खरे. पण तुम्ही पेरलेले बीही त्याच पडद्यात अडकते. बी हे तणाचे की हिरवळीचे, हे त्याला कसे कळावे? सिड्युरॉन, मेसोट्रायोन अशी काही मोजकी द्रव्ये पेरणीच्या वेळीही वापरता येतात. परंतु तीही काही गवतांना मानवतात, काहींना मानवत नाहीत. मेसोट्रायोनच्या कुळाची कथा तर मोठी बोधप्रद आहे. कॅलिफोर्नियात १९७७ साली बॉटलब्रशच्या झाडांखाली इतर रोपे फारशी उगवत नाहीत, असे एका रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. त्या झाडातून निघणाऱ्या द्रव्याच्या अभ्यासातून पुढे ही औषधे निघाली. म्हणजे वनस्पतीही एकमेकींवर विष घालतात. निसर्ग काही साधुसंतांचा आश्रम नव्हे. फरक एवढाच की, बॉटलब्रशचे विष त्याच्या सावलीपुरते असते. आपले विष वाऱ्यावर बसून शेजाऱ्याच्या द्राक्षवेलीपर्यंत आणि टोमॅटोच्या वाफ्यापर्यंत जाते.

भाच्याने कागद वाचला होता. तो शिकलेला, सावध माणूस. अजाणपणाचा आरोप त्याच्यावर करता येणार नाही. पण मंडळाच्या पत्रातली मुदत जवळ येत होती आणि मोटार आत घेण्याच्या वाटेलगत घोळ व क्रॅबग्रास यांनी दाटी केली होती. एके सकाळी, पेरणीला तीन आठवडे झाले असता, त्याने त्या वाटेलगतच्या पट्टीवर फवारा मारला. तीन-चार दिवसांत घोळीचे देठ पिळवटले. त्याच्या मागोमाग फेस्क्यूचे कोवळे कोंबही पिवळे पडून जमिनीवर आडवे झाले. आठवड्याने तेथे उघडी माती दिसू लागली, आणि त्या उघड्या मातीत सर्वांत आधी जे उगवले ते पुन्हा तणच होते. त्या औषधानंतर पुन्हा पेरण्यासाठीही काही आठवडे थांबावे लागते. तोवर थंडी पडणार. ती पट्टी त्या वर्षापुरती गेली.

भाचा पायरीवर बसून बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत होता. मग म्हणाला, "मामा, कागदावर लिहिले होते. मी वाचलेही होते."

कळते पण वळत नाही, असे आपण म्हणतो, ते असेच असते. सुरक्षिततेचे सारे शास्त्र छापून हातात दिले तरी थांबण्याची शक्ती त्याच्याबरोबर बाटलीत भरून मिळत नाही. ती ज्याची त्याने आणावी लागते.

त्या दिवसापासून मी खुरपे घेऊन अंगणात बसू लागलो आणि एक-एक रोप हाताने उपटू लागलो. खरे सांगायचे तर, त्यात थोडा दिमाखही होता. हाताने उपटणारा प्रत्येक रोपाकडे पाहतो, आपण काय मारीत आहोत हे जाणतो. फवारणाऱ्याला ते पाहावेही लागत नाही, असा उपदेशही मी भाच्याला केला. त्याने ऐकून घेतले आणि आदराचा स्वर जराही न सोडता विचारले, "मामा, आपल्या शेतावर भांगलण तुम्ही कधी केली होती का?"

मी केली नव्हती. वडिलांनीही केली नव्हती. ती बायका करीत. पावसाळ्यात डोक्यावर इरले घेऊन, भुईमुगाच्या व भाताच्या रानात सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत ओणव्याने सरकणाऱ्या त्यांच्या रांगा मला आजही दिसतात. त्यांतली एक बाई म्हातारपणी उभी राहिली तरी वाकलेलीच दिसे. माझ्या निष्पाप खुरप्याचा इतिहास तो होता. अमेरिकेतही निराळे नव्हते. कॅलिफोर्नियाच्या शेतांत तण काढायला व रोपे विरळ करायला मजुरांच्या हाती आखूड दांड्याचे कुदळे देत असत; त्याने मजुरांच्या पाठी कायमच्या निकामी होत. पुष्कळ वर्षांच्या झगड्यानंतर १९७५ साली त्या राज्यात ते अवजार वापरण्यास बंदी झाली. हाताने तण काढणे हे स्वभावतःच अहिंसक आहे, असे ज्याला वाटते त्याने आधी हात कोणाचा, हे विचारावे. तणनाशकाने कित्येक पाठी वाचविल्या असतील. ज्याने स्वतः कधी भांगलण केली नाही त्याने या गोष्टीची टर उडवू नये. ही लाज माझी मला पुरली, आणि माझा उपदेश मी तेथेच आवरता घेतला.

परंतु भाच्याच्या प्रश्नाने माझा सगळा मुद्दा काही खोडला गेला नाही. तो अधिक नेमका झाला. शेतातल्या तणाने अन्न जाते. अंगणातल्या तणाने शोभा जाते. पहिल्या ठिकाणी एकाचे कष्ट व दुसऱ्याची भूक यांचा हिशेब घालावा लागतो आणि तेथे विषालाही वाद घालण्याचा हक्क आहे. दुसऱ्या ठिकाणी तराजूच्या एका पारड्यात काय आहे? शेजाऱ्यांच्या डोळ्यांना बरे दिसणे. मग दुसऱ्या पारड्यात थोडासा धोका असला तरी तो जड का ठरू नये?

कॅनडातील क्वेबेक प्रांतात हडसन नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावाने १९९१ साली असा नियम केला की, केवळ शोभेसाठी अंगणात असली औषधे फवारता येणार नाहीत. फवारणीचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्या न्यायालयात गेल्या. वाद थेट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि २००१ साली निकाल गावाच्या बाजूने लागला. पुढे २००९ साली ओंटारियो प्रांतानेही शोभेसाठीच्या फवारणीवर बंदी आणली. शेतीला मात्र त्यातून वगळले. या सर्व प्रकरणात मला जे मोलाचे वाटते ते हे की, हे औषध विष आहे की नाही, एवढाच प्रश्न त्या गावाने विचारला नाही. 'कशासाठी?' हाही प्रश्न त्याने विचारला. कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्र एका स्वरात देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली ग्लायफोसेट हे तणनाशक कर्करोगकारक असण्याचा 'संभव बराच' व २,४-डी हे तसे असण्याची 'शक्यता' असल्याचे वर्गीकरण केले. उलट अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ग्लायफोसेटला तसा दोष लावला नाही. एक संस्था द्रव्यात धोका आहे का हे पाहते, दुसरी प्रत्यक्ष वापरात तो किती हे मोजते. दोघींचा वाद शहाण्या माणसांचा वाद आहे. तो मिटेपर्यंत सामान्य माणसाने काय करावे? मला वाटते, जेथे गरज मोठी तेथे नियम पाळून धोका पत्करावा. जेथे केवळ हौस आहे तेथे संशयाचा फायदा विषाला न देता रांगणाऱ्या मुलाला द्यावा. फवारा वाळेपर्यंत मुलांना त्या जागेवर येऊ देऊ नका, असे त्या कागदांवर लिहिलेले असते. मूल जे हाताला लागते ते तोंडात घालते. जे बाळगवताला सोसत नाही ते बाळाला सोसेल की नाही, हे पारखण्याची घाई कोणत्या बापाने करावी?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तणाविरुद्धचे हे युद्ध जिंकून संपविता येईल, ही आशाच व्यर्थ आहे. ओहायोच्या शेजारच्याच मिशिगन राज्यात विल्यम बील नावाचे एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तणांचे बी मातीत किती वर्षे जिवंत राहते, हे शेतकऱ्यांना सांगता यावे म्हणून त्यांनी १८७९ साली वाळूत मिसळलेल्या बियांच्या वीस बाटल्या जमिनीत पुरल्या. ठराविक वर्षांनी एकएक बाटली काढून ते बी पेरून पाहायचे, असा तो प्रयोग. बील गेले, त्यांचे शिष्य गेले, शिष्यांचे शिष्य म्हातारे झाले. २०२१ साली एक बाटली उकरून काढली, तेव्हा १४२ वर्षांनंतरही तिच्यातले काही बी उगवून आले! या मातीत आपल्या आजोबांच्याही आधीचे बी आपली पाळी येण्याची वाट पाहत पडले आहे. त्याला निःशेष करण्याची प्रतिज्ञा करणारा माणूस आपले सारे आयुष्य विष कालविण्यात घालवील. तरी शेवटी उगवेल ते उगवेलच.

मग करायचे काय? उत्तर आम्हांला त्या अंगणानेच दिले. राहिलेल्या भागावर भाच्याने काही फवारले नाही. गवत चार बोटांहून उंच झाले तेव्हा त्याची पहिली कापणी केली, वरचा तिसरा हिस्सा तेवढा छाटून. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून शेंडा गेला तरी ते खालून पुन्हा येते. चाकवताचा जीव शेंड्याकडे, तो या छाटणीने खचला. एकच पाते सर्वांवर सारखे फिरले आणि ज्याला सोसले ते राहिले. घोळ व क्रॅबग्रास जमिनीलगत असल्याने त्यांतून वाचली. पण ऑक्टोबरच्या मध्याला दंव गोठण्याची पहिली रात्र आली, आणि सकाळी पाहतो तो घोळ काळवंडून पडलेली व क्रॅबग्रास वाळल्या पेंढ्यासारखे. ही सारी उन्हाळ्याची पाहुणी. ज्यांच्यासाठी भाच्याने तिसऱ्या आठवड्यात घाई केली, त्यांची मुदत आठव्या आठवड्यात आपोआप भरणार होती. म्हणूनच तिकडचे जाणते माळी वसंत ऋतूऐवजी उन्हाळ्याच्या अखेरीस पेरणी करायला सांगतात. आणि सवड असेल तर आधी नुसती माती भिजवून तण उगवू द्यावे, ते काढून टाकावे, व मग माती फारशी न ढवळता बी पेरावे, असेही सांगतात. डँडेलियनची काही रोपे मात्र उरली. त्यांची मुळे खोल जातात, त्यांना थंडीची तमा नसते. ती मी खुरप्याने काढली, जेवढी निघाली तेवढी. उरलेल्यांचे पुढल्या वर्षी गवत मोठे झाल्यावर पाहू, असे भाचा म्हणाला, आणि त्याच्या त्या 'पाहू' मध्ये मला पहिल्यापेक्षा पुष्कळ अधिक शहाणपण दिसले.

यावरून विषाचा उपयोग कधीच करू नये, असा सिद्धान्त मी काढीत नाही. भांगलणाऱ्या बाईची पाठ मला तसा काढू देणार नाही. परंतु कोणावरही तण म्हणून शिक्का मारण्यापूर्वी माणसाने थोडे थांबावे. हे माझ्या गरजेच्या आड येते की नुसत्या डोळ्यांच्या? याला काढताना जे माझे आहे ते पुरेसे मोठे झाले आहे का? माझ्या निवडीची झळ माझ्या कुंपणाच्या आतच राहील का, आणि ती सोसणारा मीच आहे की दुसरा कोणी? या प्रश्नांची उत्तरे बाटलीवरच्या कागदावर पूर्णपणे कधीच मिळणार नाहीत. ती बाटली उघडण्यापूर्वी मिळवावी लागतात. जे आपल्याला हवे आहे त्याला वाढू द्यावे, दाट होऊ द्यावे; दाट हिरवळीत नको असलेल्याला जागाच उरत नाही. वडीलधारी माणसे मुलांच्या बाबतीत हेच करीत आली आहेत. दोष उपटण्याच्या भरात जे कोवळे चांगले उगवत असते तेच आडवे पडू नये, याची त्यांना धास्ती असे.

मी परत यायला निघालो त्या आठवड्यात ऊन चांगले पडले होते. सूनबाईंनी मुलाला हिरवळीवर सोडले. तो थोडा रांगला, दोन्ही हात टेकून उभा राहिला, दोन पावले टाकून धपकन बसला आणि मुठीत सापडले ते गवत उपटून त्याने तोंडाकडे नेले. आम्ही तिघेही एकदम पुढे धावलो, मग थबकलो. त्या भागावर काहीच फवारलेले नव्हते. त्याच्या मुठीत फेस्क्यूची चार पाती होती आणि कुठूनसे वाचलेले, माझ्या खुरप्याला चुकविलेले डँडेलियनचे एक पान. त्याने दोन्ही सारख्याच आवडीने चघळली. आजोळची ती गाय मला आठवली. तिच्यापुढे मी आणून टाकलेल्या भाऱ्यात तिनेही असा भेद कधी केला नव्हता. त्या अंगणात कोंकणी बोलणारे कोणीच नव्हते. परंतु त्या मुलाच्या मुठीत जे होते त्याला माझ्या आजीने एकच नाव दिले असते, आणि ते तिने कौतुकानेच उच्चारले असते.